दुकानातील जुना संगणक : आधी बॅकअप, मग दुरुस्ती, मग बदल

आपल्या अनेक व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या दुकानात दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला एक संगणक आजही रोज काम करतो. कापडाचे किंवा किराणा मालाचे दुकान असेल तर त्यात बिले, स्टॉक आणि उधारी असते. छापखाना असेल तर लग्नपत्रिकांचे नमुने असतात. भरतकामाचा कारखाना असेल तर डिझाइन असतात. सकाळी बटण दाबल्यावर चहा पिऊन झाला तरी तो तयार होत नाही. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी अडकतो आणि एक दिवस सुरूच होत नाही. मग मेकॅनिक येतो आणि म्हणतो, "शेठ, फॉरमॅट मारावा लागेल." मालक घाईत असतो, तो म्हणतो, "मारा." संध्याकाळी संगणक झटपट चालू होतो, पण तीन वर्षांची उधारी कुठेच दिसत नाही.

ही वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून या लेखात तीन कामे क्रमाने पाहू : पहिले बॅकअप, दुसरे दुरुस्ती आणि तिसरे बदल. क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळदा यंत्रातील बिघाड अगदी साधा असतो. मोठे नुकसान होते ते हा क्रम चुकल्यामुळे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय?

संगणक म्हणजे नुसते यंत्र. त्यावर हिशेबाचा, बिलाचा किंवा डिझाइनचा प्रोग्राम चालतो. या दोहोंच्या मध्ये जो कारभार पाहतो त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. पेढीवरचा मुनीम जसा मालकाचा हुकूम ऐकून कोणता माल कुठे ठेवायचा, कोणती वही कुणाला द्यायची हे पाहतो, तसेच हे काम. प्रिंटरला कागद छापायला सांगणे, हार्ड डिस्कवर फाइल लिहिणे, इंटरनेटवरून आलेली माहिती आत घेणे, हे सारे तिच्यामार्फत होते. आपल्याकडे बहुतेक दुकानांत मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज हीच ऑपरेटिंग सिस्टीम असते.

या कारभारात वेळोवेळी उणिवा सापडतात. एखाद्या उणिवेतून चोर आत शिरू शकतो, असे लक्षात आले की कंपनी ती बुजवणारी दुरुस्ती पाठवते. यालाच अपडेट म्हणतात. पण कंपनी प्रत्येक आवृत्तीसाठी हे काम ठरावीक काळच करते. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज ८.१ ची १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली.

मुदत संपली म्हणजे संगणक बंद पडतो असे नाही. तो पूर्वीसारखाच चालतो, म्हणूनच मालक गाफील राहतो. फरक एवढाच की त्यानंतर सापडलेली उणीव कोणी बुजवत नाही. हळूहळू इतर प्रोग्रामही साथ सोडतात. विंडोज ७ वर चालणारी क्रोम ब्राउझरची शेवटची आवृत्ती २०२३ च्या जानेवारीत आली. पुढच्या आवृत्तीपासून विंडोज १० आवश्यक झाले.

२०१७ सालचा धडा

"आमच्या एवढ्याशा दुकानात कोण चोरी करायला येणार?" असे अनेकजण विचारतात. या चोराला दुकान लहान की मोठे हे ठाऊकच नसते. उणीव राहिलेले कोणतेही यंत्र त्याला चालते.

मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका मोठ्या उणिवेची दुरुस्ती पाठवली. ज्यांनी ती बसवली नाही त्यांच्यावर १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा हल्ला आला. दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांवर संगणक त्यात सापडले. फायलींना कुलूप लागे आणि पडद्यावर खंडणीची मागणी येई. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. दुरुस्ती दोन महिने आधी मिळत होती, हे येथे लक्षात ठेवावे.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा दुसरा हल्ला झाला. तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या अपडेटमधून शिरला आणि जगभर पसरला. मेर्स्क या जहाज कंपनीचे जाळे कोलमडले, आणि नवी मुंबईच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. म्हणजे हजारो मैलांवरच्या एका हिशेबाच्या प्रोग्रामपासून सुरू झालेली गडबड आपल्या दारातल्या बंदरापर्यंत आली. या हल्ल्यात दुरुस्ती बसवलेली यंत्रेही काही ठिकाणी सापडली, कारण तो एका यंत्रातून पासवर्ड चोरून दुसऱ्यात जात होता.

मेर्स्कला सावरायला कशाने मदत केली, हे व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कंपनीच्या जाळ्याची सूत्रे सांभाळणाऱ्या सर्व सर्व्हरवरील माहिती नष्ट झाली होती. फक्त आफ्रिकेतील घाना देशातल्या कार्यालयात एक प्रत शाबूत राहिली, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती आणि ते यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते. एवढ्या मोठ्या कंपनीच्या कामी आली ती वायर न जोडलेली एक प्रत. आपल्या दुकानासाठी हीच गोष्ट आपण ठरवून, काही हजार रुपयांत करू शकतो.

पहिले काम : बॅकअप

संगणक बाजारात पुन्हा मिळतो, वही मिळत नाही. शिवाय ही नुसती सोयीची बाब नाही. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. 'संगणक खराब झाला' हे उत्तर पुरे पडत नाही. आणि गिऱ्हाइकांचे फोन नंबर, पत्ते, देणी-घेणी ही आपल्याकडे ठेवलेली अमानतच आहे.

बॅकअपचा सर्वमान्य नियम असा : माहितीच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुकानाबाहेर असावी. एक प्रत संगणकात आहेच. दुसरी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम झाल्यावर वायर काढून ठेवावी. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कला खंडणीचा व्हायरस त्याच वेळी कुलूप लावतो. तिसरी प्रत घरी ठेवावी किंवा इंटरनेटवरील साठ्यात पासवर्ड लावून ठेवावी. पेन ड्राइव्ह सहज हरवतो व बिघडतो. त्या एकट्यावर विसंबू नये.

नुसता 'डेस्कटॉप' कॉपी केला की बॅकअप झाला, असे समजू नका. हिशेबाच्या प्रोग्रामची माहिती बहुधा वेगळ्या फोल्डरमध्ये असते. प्रोग्राममधील बॅकअपची सोय वापरावी, आणि ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. मागच्या महिन्याचे एखादे बिल, एखाद्या गिऱ्हाइकाची बाकी बरोबर दिसली, तरच बॅकअप झाला असे म्हणावे. त्याबरोबर प्रोग्रामची लायसन्स की, जीएसटी पोर्टल व ई-मेलचे पासवर्ड, वापरातले फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर यांची यादी कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी.

चुकून फॉरमॅट झालेच तर संगणक लगेच बंद करावा आणि त्यावर नवे काही टाकू नये. साध्या हार्ड डिस्कवरील पुसलेली माहिती, तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, पुष्कळदा परत मिळते. नव्या प्रकारच्या एसएसडीवर मात्र ती मिळण्याची आशा फार कमी असते.

दुसरे काम : दोष नेमका कुठे?

संगणक मंद झाला की लोक विंडोजला दोष देतात. दोष अनेकदा यंत्राच्या भागात असतो. पुढील खुणा पाहाव्यात.

तारीख आणि वेळ रोज चुकते. मदरबोर्डवरील नाण्यासारखी बॅटरी संपली आहे. बहुतेक संगणकांत सीआर-२०३२ ही तीन व्होल्टची बॅटरी लागते आणि ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. तारीख चुकली की बिलावर चुकीची तारीख पडते आणि बँकेची किंवा जीएसटीची वेबसाइट 'असुरक्षित' म्हणून उघडत नाही. एवढ्यासाठी विंडोज नव्याने टाकणारे मालक आहेत.

काही वेळ चालून आपोआप बंद पडतो. आतील पंखा धुळीने भरला आहे का ते पाहावे. पिंजारी, सुतारकाम, शिवणकाम, यंत्रमाग अशा ठिकाणी तंतू आणि भुसा फार लवकर साचतो. वीज बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशने आणि ब्लोअरने सफाई करावी. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असेल तर मेकॅनिककडून बदलून घ्यावी.

फाइल उघडताना टकटक आवाज येतो किंवा संगणक मिनिटभर गोठतो. हार्ड डिस्क शेवटच्या टप्प्यात आहे. तिच्यावर तपासण्या चालवून ताण देऊ नये. आधी माहिती बाहेर काढावी.

डिस्क निरोगी आहे, पण विंडोज वारंवार अडते. विंडोजमध्येच 'सिस्टीम फाइल चेकर' आणि 'चेक डिस्क' अशी दोन साधने आहेत. पहिले बिघडलेल्या सिस्टीम फायली बदलते, दुसरे डिस्कवरील नोंदींतील चुका दुरुस्त करते. संगणक सुरू होताच आपोआप उघडणारे प्रोग्राम बंद करावेत, एकाहून अधिक अँटिव्हायरस असतील तर एकच ठेवावा आणि सी ड्राइव्हवर पुरेशी जागा मोकळी करावी. इतके केल्यावर फॉरमॅटची गरज बऱ्याच वेळा उरत नाही.

मंदपणावर सर्वांत गुणकारी इलाज म्हणजे फिरणाऱ्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई माहिती शोधत हिंडते. एसएसडीमध्ये हलणारा भाग नसतो. अडीच इंची साटा एसएसडी बहुतेक जुन्या संगणकांत बसते. त्याबरोबर रॅम चार जीबी असेल तर आठ करावी. मात्र डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसत नाही, म्हणून आधी प्रकार पाहावा. विंडोज ३२ बिटची असेल तर चार जीबीपेक्षा जास्त रॅमचा तिला उपयोग नाही. त्यासाठी ६४ बिटची लागते.

काढलेली जुनी हार्ड डिस्क भंगारात देऊ नये. एक वर्ष जपून ठेवावी, आणि द्यायचीच झाली तर पूर्ण पुसून किंवा फोडून द्यावी.

तिसरे काम : बदल

यंत्र ठणठणीत झाले की मग ऑपरेटिंग सिस्टीमचा विचार करावा. येथे तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता विंडोज ११ चा. त्यासाठी ६४ बिटचा, मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर, चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो. इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ च्या अखेरीनंतरचे, या यादीत आहेत. 'पीसी हेल्थ चेक' हा मायक्रोसॉफ्टचा मोफत प्रोग्राम आपले यंत्र बसते की नाही ते सांगतो. टीपीएम नाही असे उत्तर आले तरी लगेच निराश होऊ नये. तो बायोसमध्ये नुसता बंद ठेवलेला असू शकतो. अस्सल विंडोज १० असलेल्या पात्र यंत्रावर ११ विनामूल्य येते. अपात्र यंत्रावर आडमार्गाने ११ टाकून देणारे मेकॅनिक आहेत. पण तशा यंत्राला पुढची अपडेट मिळतील याची हमी कंपनी देत नाही. नवी विंडोज टाकल्यावर डिस्कला बिटलॉकरचे कुलूप आपोआप लागू शकते. त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी, नाहीतर मालकालाच आपली माहिती उघडता येणार नाही.

यंत्र अपात्र असेल आणि विंडोज १० सोडणे लगेच शक्य नसेल, तर कंपनीने जादा मुदतीची अपडेट योजना जाहीर केली. घरगुती ग्राहकांसाठी जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, तर व्यवसायांसाठी पैसे भरून तीन वर्षांपर्यंतची आहे. ही सवड आहे, कायमचा उपाय नव्हे.

दुसरा रस्ता लिनक्सचा. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेली ही ऑपरेटिंग सिस्टीम मोफत आणि कायदेशीर आहे. 'लिनक्स मिंट'ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चार जीबी रॅमच्या यंत्रावर चांगली चालते. भारतातील सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस लिनक्स' तयार केले आहे. पत्रे, कोटेशन, साधा हिशेब, ई-मेल, बँक आणि जीएसटीचे पोर्टल एवढेच काम असेल तर हा रस्ता उत्तम. मराठी आणि उर्दू युनिकोड टायपिंगही त्यात होते. अडचण अशी की टॅली, कोरलड्रॉ, इनपेज हे प्रोग्राम विंडोजसाठी बनलेले आहेत, आणि डिजिटल सहीचे टोकन लिनक्सवर चालते का हे विक्रेत्याला विचारावे लागते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स न बसवताही चालवून पाहता येते. आठवडाभर असे काम करून मगच निर्णय घ्यावा.

तिसरा रस्ता जुनी सिस्टीम तशीच ठेवून तिचे इंटरनेट तोडण्याचा. ज्या यंत्राला केवळ एकच काम आहे त्यासाठी हा रास्त उपाय आहे. छापखान्यातील जुने यंत्र किंवा भरतकामाच्या मशीनला डिझाइन देणारा एक्सपीचा संगणक याच वर्गात येतो. नेटची वायर आणि वाय-फाय दोन्ही बंद ठेवावेत, आणि फायली नेण्या-आणण्यासाठी एकच पेन ड्राइव्ह ठेवून तो दर वेळी दुसऱ्या, अपडेट असलेल्या संगणकावर तपासावा. बँक व जीएसटीचे काम या यंत्रावर मुळीच करू नये.

चोरीची विंडोज किंवा 'क्रॅक' केलेला प्रोग्राम हा चौथा रस्ता काही लोक सुचवतात. कुलूप तोडून दिलेल्या प्रोग्राममध्ये तोडणाऱ्याने काय भरले आहे हे आपल्याला दिसत नाही. आपला धंदा ज्याच्यावर उभा आहे ती वही अशा हातात देणे शहाणपणाचे नाही, आणि कायद्यानेही ते चूक आहे.

बदल करण्याआधी हे तपासा

ज्यांचा बिलाचा प्रोग्राम डॉसच्या काळातला, फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला आहे त्यांनी विशेष सांभाळावे. असे १६ बिटचे प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. 'डॉसबॉक्स' या मोफत प्रोग्राममध्ये त्यांतील पुष्कळ चालतात. पण जुना संगणक मोडण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

जुन्या प्रोग्रामबरोबर मिळालेले हार्डवेअर लॉक प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लागणारे असेल, तर नव्या संगणकात ते पोर्टच नसते. साध्या यूएसबी जोडणीवर असे लॉक बहुधा ओळखले जात नाही. विक्रेत्याकडून यूएसबी लॉक किंवा नवी आवृत्ती आधी मिळवावी. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र यूएसबीच्या केबलवर सहसा चालतो.

छापखानेवाल्यांनी जुन्या मराठी फॉन्टची काळजी घ्यावी. या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि वर मराठी आकार दिसतात. नव्या संगणकावर फॉन्ट नसला की लग्नपत्रिकेच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या कामाची पीडीएफ काढून ठेवावी, आणि नवे काम युनिकोडमध्ये करण्याची सवय लावावी.

भरतकामाची मशीन फ्लॉपी मागत असेल तर तिच्या जागी पेन ड्राइव्ह घेणारा फ्लॉपी एम्युलेटर बसवता येतो. मशीन ७२० केबीची फ्लॉपी वाचते की १.४४ एमबीची, हे पाहून तो घ्यावा.

मेकॅनिकच्या हाती देताना

संगणक देण्यापूर्वी बॅकअपची डिस्क आपल्याकडे ठेवावी. कोणता भाग बदलायचा हे लिहून घ्यावे आणि जुना भाग परत मागावा. 'मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. परत आल्यावर पैसे देण्याआधी एक बिल छापून, एका गिऱ्हाइकाची बाकी उघडून, जीएसटीचे पोर्टल सुरू करून पाहावे. मोठा बदल हंगामात किंवा विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेजवळ करू नये; मंदीचा आठवडा निवडावा, आणि जुने यंत्र महिनाभर बाजूला तयार ठेवावे.

आज संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी निदान एवढे करा. बाहेरची एक डिस्क जोडून हिशेबाचा बॅकअप घ्या, वायर काढा आणि ती डिस्क घरी न्या. त्यानंतर संगणक उद्या सकाळी सुरू झाला नाही तरी खर्च यंत्राचाच होईल, उधारीची वही आपल्या घरी सुरक्षित असेल.